डाव्या कमरेचं होल्स्टर

लग्न ठरलं तेव्हा मला एवढंच सांगितलं होतं की मुलगा मिलिटरीत आहे. पलूसकडच्या आमच्या गावात एवढं पुरत असे. मी लगेच ओढ्यावर धुणं धुता धुता मैत्रिणींना सांगून टाकलं की आमचे हे अगदी सीमेवर असतात, समोर शत्रू असतो आणि मधे फक्त यांची बंदूक असते. एकीनं विचारलं, "तुला कसं गं ठावं?" मी म्हटलं, "पत्रात लिहितात." पत्र एकही आलेलं नव्हतं. मी यांचा चेहरासुद्धा धड पाहिलेला नव्हता.

लग्नानंतर हे पहिल्या सुट्टीवर कराडला घरी आले, तेव्हा यांची काळी ट्रंक मी हौसेनं उघडली. आत बंदूक असेल अशी माझी खात्री. निघाली काय, तर भोकं पाडायची एक आरी, कातडं कापायची एक रापी, जाड सुया आणि मेणाचा काळा गोळा.

"बंदूक कुठाय?" मी विचारलं.

"कुणाची?"

"तुमची."

हे हसले. "अगं, मी बूट शिवतो. बूट, पट्टे, घोड्यांची खोगिरं. माझ्या टाक्यावर पलटण चालती. टाका सुटला की शिपाई लंगडा."

त्या संध्याकाळी मी चुलीपुढं बसून रडले. नवरा गोळीच्या समोर नाही म्हणून एखादीनं देवापुढं साखर ठेवली असती. मी रडत होते ते आता मैत्रिणींना काय सांगायचं म्हणून. अशी होती ती शहाणी. तिला मी आता 'ती शहाणी'च म्हणते, कारण ती मीच होते हे मानायला मला अजून जड जातं.

पुढच्या सुट्टीत यांनी त्या शहाणीसाठी एक पिशवी आणली. स्वतः शिवलेली, खोगिराच्या जाड कातड्याची, बाभळीच्या सालीत कमावलेल्या. रंग चहाचा, आणि टाके असे की ज्वारीचे दाणे ओळीनं मांडावेत. पण आकार! सासूबाईंनी ती उचलून पाहिली आणि म्हणाल्या, "काय गं, टपाल वाटायला जातीस व्हय?" झालं. शहाणीनं ती पिशवी जुन्या धोतरात गुंडाळली, लिंबाचा पाला घातला आणि ट्रंकेच्या तळाशी ठेवून दिली. एकदाही खांद्याला लावली नाही. यांनी कधी विचारलंही नाही. पिशवी दिली की यांचं काम संपलं, असा यांचा स्वभाव.

पेन्शनीवर आल्यावर यांनी घराच्या पुढच्या खोलीत दुकान मांडलं. भावकीतल्यांनी नाकं मुरडली. वाट्याला ऊस असताना हा माणूस चामडं घेऊन बसतो! "ह्ये आपल्या घरातलं काम न्हाई," असं एक चुलतसासरे ओट्यावर बसून रोज सांगायचे. हे म्हणायचे, "व्हय काका, ऊस तुमी लावा. पट्टा मातुर माझ्याकडनं न्या." आणि पुढं खरंच नेला. बैलांच्या घुंगरांचे पट्टे, चाबकाच्या वाद्या, कुत्र्यांचे गळपट्टे, मोटरसायकलच्या पिशव्या, असं काय काय हे करायचे. पण यांचं नाव झालं ते होल्स्टरसाठी. लोक त्याला पिस्तुलाचं कव्हर म्हणायचे. होल्स्टर म्हणणारे आमचे हे एकटेच, तेही छाती पुढं काढून.

आमच्या भागात पेन्शनीवर आलेला शिपाई बँकेच्या नाहीतर कारखान्याच्या दारावर उभा राहतो. त्याला काडतुसांचा पट्टा लागतो. ज्याच्याकडं लायसनचं रिव्हॉल्व्हर आहे अशा बागायतदाराला कमरेचं कव्हर लागतं, आणि ते पोटावरून सरकलेलं चालत नाही. ही पोटं दर दिवाळीला वाढायची. हे पट्ट्याला भोकं पाडताना मधलं भोक आजच्या पोटाचं धरायचे, आणि पुढं आणखी भोकं पाडून ठेवायचे. "ही कशाला?" गिऱ्हाईक विचारायचं. हे म्हणायचे, "ह्यो सीझन बरा जाईल म्हनत्यात."

कुणाचं हत्यार मात्र यांनी घरात ठेवून घेतलं नाही. कायदाही तसाच, आणि यांचा नेमही तसाच. गिऱ्हाईक चहा पिईपर्यंत त्याचं हत्यार समोर ठेवून मापं घ्यायची, आणि मग शिसवी लाकडात त्याची हुबेहूब प्रत कोरायची. तो साचा. शिवलेलं कव्हर पाण्यात भिजवायचं, साचा आत घालायचा आणि वरून अंगठ्यांनी दाबत जायचं, म्हणजे घोड्याजवळची कमान, नळीची धार, सगळं कातड्यावर उमटतं. सावलीत सुकलं की ते कातडं तो आकार जन्मभर विसरत नाही. आमच्या घरात अशी लाकडी पिस्तुलं फळीवर ओळीनं असायची. खंडेनवमीला मी त्यांनाही झेंडूची फुलं वाहायची.

एकदा गच्चीवर पापड वाळत असताना माकडं आली. ती शहाणी धावत खाली गेली, एक लाकडी रिव्हॉल्व्हर उचलून वर आली आणि माकडांवर नेम धरून उभी राहिली. माकडांनी पापड खाल्ले. त्यातलं एक जवळ आलं, त्यानं माझ्या हातातलं रिव्हॉल्व्हर काढून घेतलं आणि शेजारच्या कौलांवरून निघून गेलं. हे खालून म्हणाले, "शाब्बास. शत्रूला हत्यार पुरवलंस." आठवडाभर कुणी मला नावानं हाक मारली नाही, 'दारूगोळा' म्हणायचे.

हे सगळं मी हसत सांगते आहे. पण सांगायचं आहे ते या साच्यांपैकी शेवटच्याचं.

मला एकच मुलगी, सांगलीला दिलेली. तिची मुलगी, म्हणजे माझी नात, डावखुरी. लहानपणी तिनं डाव्या हातानं घास उचलला की मी चमच्याच्या देठानं तिच्या बोटांवर टिचकी मारायची. हे म्हणायचे, "मारू नको गं, तो हात सरळ जातोय." ती जेवायला उजवा हात शिकली. बाकी सगळं डाव्यानंच करत राहिली, आणि करता करता फौजदार झाली. ट्रेनिंगमधून सुट्टीवर आली तेव्हा खाकी घालून आली, आम्हाला दाखवायला. यांची नजर तोवर गेलेली होती. काचबिंदूनं आधी कडा खाल्ल्या, मग मधलंही खाल्लं. यांनी तिला बोटांनी पाहिलं. खांद्यावरची फीत, कमरेचा पट्टा, मग पट्ट्याला लावलेलं रिकामं होल्स्टर. तिथं यांची बोटं थांबली.

"हे उजव्या हाताचं हाय."

"हो आबा. तिथं सगळी उजव्याचीच असतात. उस्ताद म्हणाले, नेम डाव्या हातानं बसतोय तर डाव्यानं लाव. पण कव्हर डावं नाही मिळत."

"मग काढतीस कशी?"

तिनं नुसतं हवेतच काढून दाखवलं. डावा हात पोटावरून आडवा नेऊन, मनगट वाकडं करून. हे पाहत नव्हते, ऐकत होते. कातड्याची कुरकुर ऐकली आणि यांचा चेहरा बदलला.

"हात जिथं आपसूक जाईल तिथं मूठ पाहिजे," हे म्हणाले. "शोधायला लागली की संपलं."

तिचं पहिलं पोस्टिंग पार विदर्भाच्या टोकाला, जंगलात लागणार असं तिच्या कानावर आलं होतं. तिनं ते आम्हाला चिवडा खाता खाता सांगितलं, जणू कोरेगावला बदली झालीय. मी मान हलवली. ती गेल्यावर हे मला म्हणाले, "अगं, दुकान उघड."

दुकान बंद करून बरीच वर्षं झाली होती. आणि हेही आता पूर्वीचे नव्हते. मिरजेच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की हृदय थकलंय, त्यांना जे आवडतं ते करू द्या. हे आतल्या खोलीत होते, पण आंधळ्याचे कान. बाहेर आल्यावर रिक्षात म्हणाले, "डॉक्टरनं ऑर्डर दिलीय. एक डावं होल्स्टर, आणि पोरगी जायच्या आत."

तेवढीच यांची इच्छा होती. नातीला जंगलात जाऊ नको म्हणायचं नाही, नवस नाही, गंडा नाही. तिचा हात पहिल्या झटक्यात मुठीवर पडला पाहिजे.

कातडं होतं. बाभळीच्या सालीत कातडं कमावणारे एक म्हातारे पूर्वी नदीपलीकडे असायचे. ते गेल्यावर तसलं कातडं मिळेनासं झालं. बाजारात मिळतं ते मऊ, मशीनचं. बॅगांना ठीक, पण त्याला भिजवून आकार दिला तर सुकल्यावर पुन्हा ढिलं पडतं. त्या म्हाताऱ्यांच्या हातचा एक तुकडा यांनी गुंडाळी करून माळ्यावर जपला होता. कशासाठी जपला होता ते यांनाही माहीत नसावं. मी शिडीवर चढून तो काढला. या वयात शिडीवर चढले म्हणून मुलगी फोनवर माझ्यावर ओरडली. मी म्हटलं, "तुझ्या बापानं चढायला सांगितलं." ती म्हणाली, "ते सांगतील, त्यांना दिसतंय का तू कुठं चढतीस ते?"

पिस्तुलाचा साचा होता, फळीवरचा शेवटचा. बाकीचे मागणाऱ्यांना देऊन टाकले होते. खेळणं म्हणून नेले पोरांनी. नातीला ट्रेनिंगमध्ये जे पिस्तूल होतं त्याच घाटाचा हा एक उरला होता.

आता चूक कशी झाली ते सांगते. ती फक्त आम्हा दोघांकडूनच होऊ शकत होती.

जाड पुठ्ठ्याचा नमुना असतो. कातडं उलटं, मांसाची बाजू वर करून पाटावर पसरायचं, नमुना त्यावर ठेवायचा आणि खिळ्यानं रेघ ओढायची. कातडं उलटं असल्यामुळं नमुनाही उलटा ठेवावा लागतो, नाहीतर उजव्याचं डावं होतं. आयुष्यभर यांनी उजव्या हाताची कव्हरं केली, आणि आयुष्यभर मी शेजारी बसून पाहिलं की हे नमुना पालथा घालतात. यावेळी डावं करायचं होतं, म्हणून यांनी नमुना मुद्दाम सुलटा ठेवला आणि पाणी प्यायला आत गेले. मी पाहिलं. मला वाटलं, दिसत नाही बिचाऱ्यांना, चुकून सुलटा पडला. चूक दाखवली तर मन खट्टू होईल. म्हणून मी गुपचूप तो पालथा केला.

हे परत आले. बोटांनी चाचपलं. नमुन्याच्या कडेला यांनीच एक खाच ठेवली होती. खाच हाताला उलट लागली. यांना वाटलं, आपण मघाशी चुकून पालथाच ठेवला होता वाटतं, सवयीनं. मला कळलं तर मी काळजी करीन, की आता डोकंही चालेना. म्हणून यांनी, मी सुई ओवत असताना, गुपचूप तो सुलटा केला.

मी सुई ओवून वर पाहिलं. नमुना सुलटा. मला वाटलं, मघाशी मी पालथा केलाच नव्हता, म्हातारपण. मी पुन्हा पालथा केला, आणि या वेळी यांचा हात धरून म्हटलं, "चला, ओढा रेघ." मी हात धरला म्हणून यांनी खाच पुन्हा तपासली नाही. बायकोच्या हातावर विश्वास टाकला. रापी फिरली.

कडा घासल्या. मग आम्ही समोरासमोर बसून शिवलं. दोन सुया, एक दोरा. हे आरीनं भोक पाडायचे, यांच्या बाजूची सुई माझ्याकडं यायची, माझी यांच्याकडं जायची, मग दोघं दोरा आपापल्या बाजूला ओढायचे. नजर गेल्यापासून यांना सुई दुसऱ्या बाजूनं कुणीतरी धरावी लागायची, आणि ते कुणीतरी म्हणजे मीच. ताकातल्या रवीसारखं चालायचं ते. "ओढ." "ओढलं." "जोरात ओढ, जेवली न्हाईस का?" असं.

शिवून झाल्यावर यांनी ते स्वतःच्या कमरेला लावून पाहिलं. उजव्या कमरेला ते पाण्यासारखं बसलं. हे बराच वेळ हात तसाच ठेवून उभे राहिले.

"काय झालं?" मी विचारलं.

"तू नमुना फिरवलास?"

"तुमी फिरवलात?"

दोघांनी आपापलं सांगितलं. सांगून झाल्यावर हे खाली बसले आणि हसायला लागले. इतके हसले की ठसका लागला, मी पाठ चोळली. "लग्नाला पन्नास वर्सं झाली," हे म्हणाले, "आणि एकमेकाला न दुखवता येकच काम बिघडवायला शिकलो." मीही हसले. मग यांनी पाट चाचपला. कातडं संपलं होतं. उरले होते ते पट्ट्याचे तुकडे, घड्याळाच्या पट्ट्यालासुद्धा पुरणार नाहीत असे. हे त्या तुकड्यांवरून हात फिरवत राहिले.

दोन दिवस यांनी जेवणाला नीट हात लावला नाही. नातीचा फोन आला की "चाललंय चाललंय" म्हणायचे.

तिसऱ्या दिवशी मी ट्रंक उघडली. वरच्या साड्या काढल्या, शाली काढल्या, तळाशी ते धोतर. लिंबाच्या पाल्याचा चुरा झाला होता. मी पिशवी यांच्या मांडीवर ठेवली. यांचा अंगठा टाक्यांवरून एकदा फिरला.

"ही..." हे म्हणाले. "मला वाटलं तू कवाच कुणाला दिलीस."

"देणार कुणाला? टपालखात्याला?"

हे हसले नाहीत. पिशवीचं झाकण उघडून वास घेतला, कातडं वाकवून पाहिलं, नखानं दाबलं. "हिला तेल लावलं होतंस कधी?"

"नाही. कधीच नाही." हे सांगताना मला वाटलं, आता त्या शहाणीला बोलणी बसणार.

"बरं झालं," हे म्हणाले. "तेल पाजलेलं कातडं पाणी पीत न्हाई. ह्ये पिईल."

म्हणजे पन्नास वर्षं त्या शहाणीनं जी हयगय केली, तीच कामाला आली. तिला एवढी अक्कल असती तर मी मुजरा केला असता. पण तिला फक्त लाज वाटत होती.

"ही कापायची न्हाई," हे म्हणाले. "ही तुझी हाय."

"माझी आहे म्हणूनच म्हणते, कापा. पन्नास वर्षं अंधारात होती. आता जरा पोरीबरोबर हिंडून येऊ दे."

यांनी पिशवीवरून एकदा तळहात फिरवला. मग म्हणाले, "रापी दे." त्या दिवशी नमुना ठेवताना दोघांचे हात त्याच्यावर होते, आणि दोघंही मोठ्यांदा बोलत होतो. "सुलटा?" "सुलटा." "खाच?" "तुमच्याकडं." "मग हात काढू नको आता." रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटलं असतं, म्हातारा-म्हातारी भांडतायत.

शिवायला वेळ लागला, कारण हे मधे मधे थांबायचे. आरी दाबताना श्वास पुरायचा नाही. मी म्हणायची, "उद्या करू." हे म्हणायचे, "ओढ."

मग एका दुपारी ते भिजवलं. परसात बादलीत कोमट पाणी घेतलं, कातडं बुडवलं, बुडबुडे यायचे थांबले तसं काढलं. यांनी साचा आत सरकवला आणि अंगठ्यांनी दाबायला सुरुवात केली. मी यांना इतका वेळ एकाग्र कधी पाहिलं नव्हतं. किंवा पाहिलं असेल, पण शहाणीचं लक्ष कुठं होतं? ओलं कातडं काळपट झालं होतं, आणि त्यात यांचे अंगठे पुरणाच्या उंड्यात रुतावेत तसे रुतत होते. नळी उमटली, कमान उमटली. एरवी अंगठ्याचे खड्डे हाडाच्या पट्टीनं घासून सपाट करायचे. त्या दिवशी हे दमले. "पट्टी उद्या फिरवू," म्हणाले. "उद्या सकाळी साचाबी काढायचा. अजून ओलसर असतानाच काढायचा, ध्यानात ठेव. न्हाईतर धरून बसंल."

मी ते खिडकीत, उन्हापासून दूर ठेवलं. हे कॉटवर बसले. चहा मागितला. चहात साखर जास्त झाली म्हणाले. "तुझा हात सैल झालाय." मी म्हटलं, "तुमची जीभ सैल झालीय." एवढंच बोलणं झालं.

सकाळी मी हाक मारली, आणि हे उठले नाहीत.

त्यानंतरचे दिवस मला सलग आठवत नाहीत. माणसं आली, बसली, उठली. सांगलीहून मुलगी आली, नात रजा टाकून आली. आमच्याकडं सुतकात माणसाच्या हत्याराला हात लावत नाहीत. आरी, रापी, पाट, सगळं जसं होतं तसं राहिलं. खिडकीतलं ते होल्स्टरही राहिलं. दिसत होतं मला रोज. 'उद्या सकाळी काढायचा' हेही रोज आठवत होतं. पण त्या घरात उद्याची सकाळ उजाडत नव्हती.

तेरावा झाल्यावर नातीनं ते खिडकीतून उचललं. तिला दुसऱ्या दिवशी निघायचं होतं. तिनं साच्याची मूठ धरून ओढली. साचा हलला नाही. तिनं गुडघ्यात धरून ओढला. पोलीस झालेली पोरगी, ताकद काय कमी? हलला नाही. जाड खोगिराचं कातडं सुकताना आवळलं होतं आणि लाकूड घट्ट धरून बसलं होतं.

"आजी, परत भिजवूया ना. सैल होईल."

"आण इकडं," मी म्हटलं.

मी ते उजेडात धरलं. कातडं सुकून पुन्हा चहाच्या रंगावर आलं होतं. कमानीच्या वर दोन खड्डे, अंगठ्यांचे. एक जरा खोल, कारण उजव्या अंगठ्यात यांचा जोर जास्त. त्या खोल खड्ड्यात, नीट पाहिलं तर, यांच्या अंगठ्याच्या रेघाही उमटलेल्या. पट्टी फिरवायची राहून गेली होती ना.

भिजवलं असतं तर कातडं फुगलं असतं, साचा निघाला असता आणि ते खड्डे भरून आले असते. नात माझ्याकडं बघत होती. तिला खड्डे दिसले होते की नाही, माहीत नाही. "राहू दे आजी," ती म्हणाली, "मी सरकारी वापरीन. हे तू ठेव इथं."

ठेवलं असतं तर यांचे अंगठे माझ्याजवळ राहिले असते, आणि तिकडं जंगलात तिचा हात पोटावरून आडवा मूठ शोधत राहिला असता. हे म्हणाले असते, मग केलं कशाला?

"करवत आण," मी म्हटलं. "आणि त्या पेटीतलं गिरमिट."

"करवत कशाला?"

"साचा फोडायचा."

"अगं, पण शेवटचा आहे ना तो? परत कुणाला कव्हर करायचं झालं तर?"

"कोण करणार गं बाई? मी?"

आधी बाहेर आलेली लाकडी मूठ करवतीनं कापली. मग तिनं होल्स्टर दोन्ही हातांनी धरलं आणि मी तोंडाकडून गिरमिट आत फिरवलं. शिसवी लाकूड, चुरा काळा, खारकेच्या बीसारखा टणक. एक भोक, त्याच्या शेजारी दुसरं, मग पटाशीनं मधलं फोडायचं, आणि कातड्याला धार लागू द्यायची नाही. दुपार गेली. मधे मुलगी येऊन आमच्याकडं पाहून चहा ठेवून गेली. शेवटी उरलेला भाग आतच दुभंगला आणि एक लांब ढलपी बाहेर आली, नळीच्या आकाराची. नंतरचं सगळं हलवून सांडलं. इतक्या वर्षांत त्या साच्यावरून किती कमरा सजल्या असतील. तो परसात चुऱ्यानं पडला होता.

नातीनं पोस्टिंगसाठी मिळालेलं आपलं पिस्तूल आत घालून पाहिलं. अडखळलं नाही. मग पट्ट्याला, डाव्या कमरेला लावलं, हात खाली सोडला आणि एकदम उचलला. हात मुठीवर होता. तिनं पुन्हा केलं. पुन्हा. मग भिंतीकडं तोंड करून उभी राहिली, आणि तिचे खांदे हलायला लागले. मी तिच्या पाठीवर हात ठेवला नाही. तिला थोडा वेळ फौजदार राहू दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ढलपी आणि तो चुरा मी बंबात घातला. शिसवी लाकूड बराच वेळ जळतं. तिच्या अंघोळीचं पाणी त्यावर तापलं. ती न्हाऊन, खाकी घालून निघाली. सांगलीला आईला सोडून पुढं रेल्वेनं जाणार होती.

ते पहिलं, चुकलेलं, उजव्या हाताचं होल्स्टर माझ्या कॉटजवळ खिळ्याला आहे. त्यात मी माझा चष्मा ठेवते. हात आपसूक जातो तिथं. शेजारच्या सुनेनं परवा विचारलं, "आजी, ह्ये काय वो?" मी म्हटलं, "दारूगोळा."

नात फोन करते, रेंज असेल तेव्हा. जेवलीस का, डास आहेत का, हे तिची आई विचारते. मी एवढंच विचारते, "हात कुठं जातो?"

"मुठीवर, आजी. सरळ."

"बरं," मी म्हणते. "आता तो तिथंच राहू दे. काढायची वेळ येऊ नये."

पलीकडून कातड्याची बारीक कुरकुर ऐकू येते. ती अंगठा त्या खड्ड्यात घालून बसली असावी. तिचा अंगठा लहान आहे, त्यात सैलच होत असेल.